दोन अर्ध्या पिशव्या

ह्या वर्षी तो वास जरा उशिराच आला. स्टेशनवरून सायकल हाणत येत होते, पुढच्या टोपलीत कोथिंबीर समजून उचललेली कसलीतरी भलतीच पालेभाजी, डोक्यात आमटीला काय घालावं हा विचार; आणि मोरिता-सानांच्या घराच्या कोपऱ्यावर वळले तोच वास अंगावर आला. किनमोकुसेई. ह्या झाडाची रीतच अशी, की आधी वास येतो आणि झाड मागून शोधावं लागतं. पिकल्या जर्दाळूचा, थोडा मधाचा, थोडा कुणाच्या तरी जुन्या कपाटाचा. इथल्या जुन्या माणसांना म्हणे हा वास आला की संडासातल्या सुगंधी वडीची आठवण होते, कारण एके काळी घरोघरी तीच वडी असायची. मी आपली उगाच भारावून 'अहाहा' म्हणते आणि शेजारच्या आजी नम्रपणे हसतात, ते त्यामुळे.

फूल म्हणावं तर एवढंसं. पारिजातकाचे केशरी देठ तेवढे खुडून कुणी फांदीला चिकटवावेत, तसं. आठवडाभर सगळी गल्ली घमघमते, मग एखादा वाऱ्यापावसाचा दिवस येतो आणि झाडाखाली केशरी सडा. झाडू मारणाऱ्याची कंबर मोडते, पण बोलायचं कुणी नाही.

इतरांना ह्या वासानं शरद आठवतो, शाळेतल्या मैदानी खेळांचे दिवस आठवतात. माझे कान तापतात. खरंच तापतात, लाल होतात. आमच्याकडे माझ्या कानांना 'राइस कुकरचा दिवा' म्हणतात. आतलं शिजलं की नाही ते बाहेरून कळतं. काही वर्षांपूर्वीच्या एका शरदात तो दिवा दहा-बारा दिवस लागलेलाच होता.

हॉबले-सान हे आमच्या गल्लीतले इंग्रज. आजोबांच्या पिढीनं ज्यांना खटपटीनं घालवलं, त्यांतला एक टोकियोजवळच्या ह्या ग्योतोकुत येऊन माझ्यासमोर कचऱ्याची पिशवी घेऊन उभा राहील, असं कुणाला वाटलं असतं? उंच, खांद्यात वाकलेले, कोटावर मांजराचे केस, आणि पावसाळा असो की थंडी, पायात तेच तपकिरी बूट. आयुष्यभर पेशा समीक्षकाचा. आपल्याकडे समीक्षक समोरून आला तर लेखक रस्ता बदलतात. मी लेखक नसल्यामुळे बेधडक त्यांच्या शनिवारच्या वर्गाला जाऊन बसले. वस्तीच्या सभागृहात दुपारी ते इंग्रजी वाचन घ्यायचे. आम्ही चार भारतीय आया, आणि काही निवृत्त जपानी मंडळी. एक पान वाचायचं, हळूहळू, घोटघोट. मग प्रत्येकानं एक परिच्छेद लिहायचा.

माझा पहिला परिच्छेद आईच्या स्वयंपाकघरावर होता. दिव्य, अलौकिक, मायाळू, सोनेरी, असा सगळा थाट. मला वाटलं, आता साहेब उठून उभे राहणार. त्यांनी एका वाक्यावर बोट ठेवलं आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "जगताप-सान, हे वाक्य कुणाला घाबरून लिहिलंय?"

"घाबरून? मी?"

"एका वाक्यात चार विशेषणं. एवढा बंदोबस्त माणूस कशासाठी ठेवतो?"

झालं. तेव्हापासून ते वाक्य आमच्या घरात शिरलं ते शिरलंच. आमचे हे तोयोसुच्या ऑफिसातून उशीर होण्याची लांबलचक कारणं सांगायला लागले, की मी म्हणायचे, "हे वाक्य कुणाला घाबरून?" सानिकाला, म्हणजे आमच्या लेकीला, मार्क कमी पडले आणि ती पेपरच्या काठिण्यावर बोलायला लागली, की तेच. दुसऱ्याच्या भीतीवर बोट ठेवण्यात मी लवकरच पारंगत झाले.

हॉबले-सानांची मात्र ती थट्टा नव्हती. वाक्यातली भीती हुडकणं हेच त्यांचं जन्माचं काम. त्यावर त्यांनी जाडजूड पुस्तक लिहिलं होतं. उत्तर इंग्लंडातल्या एका लहान गावात त्यांच्या वडिलांचं कापडाचं दुकान. घर देवभोळं, रविवारी हसायलासुद्धा बंदी. ते तरुण होते तेव्हा त्यांच्या देशात पुरुषानं पुरुषावर प्रेम करणं हा गुन्हा होता. (आपल्याकडे तरी काय, कालपरवापर्यंत होताच की.) लोक प्रेमपत्रांत 'तो'ची 'ती' करायचे, नावं बदलायचे, पत्रं जाळायचे. "साहित्यातली पुष्कळ सुंदर वाक्यं भीतीनं लिहिली गेली आहेत," ते म्हणायचे, "आणि वाईट वाक्यं तर सगळीच."

मग एक दिवस त्यांना ह्या भीतीचा कंटाळा आला आणि ते रस्त्यावर उतरले. मोर्चे, फलक, सभा. एकदा पोलिसांनी उचलून नेलं. एका विद्यापीठानं दार दाखवलं. एका सभेत कुणीतरी अंडं मारलं ते थेट कोटावर. "अंडं ताजं होतं," ते सांगायचे, "शिव्या मात्र शिळ्या." कोट त्यांनी धुतला नाही. तो डाग घेऊन वर्षभर व्याख्यानं दिली.

हे सगळं ते वर्गात अगदी पिठल्याची कृती सांगावी तसं सांगायचे. आम्ही चार आया टेबलाकडे बघायचो. पुढच्या महिन्यापासून आमच्यातल्या दोघींना शनिवारी अचानक मुलांचं पोहणं निघालं. मी जात राहिले. 'आपण बाई पुढारलेल्या' असं स्वतःबद्दल वाटायचं. शिवाय तो सगळा लढा इंग्लंडातला, जुना. ऐकणाऱ्याला वाटावं, माणूस आपली लढाई तिकडे सोडून इकडे विश्रांतीला आलाय.

इकडे ते मोरिता-सानांच्या घरात माडीवर राहायचे. घर साधंच, दुमजली, बाहेरून लोखंडी जिना, दारात ते किनमोकुसेईचं झाड. खाली मोरिता-सान आणि त्यांची म्हातारी आई. मोरिता-सान शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, बोलायला फार कमी. नकाशावरच्या समुद्रासारखे निळे आणि गप्प. हॉबले-सान त्यांचे भाडेकरू. दाराला दोन पाट्या, दोन टपालपेट्या, वाळत घालायला दोन दांड्या. आणि कचऱ्याच्या दिवशी दोन पिशव्या.

इथला कचरा हा विषय आपल्या माणसाला सांगून पटत नाही. जळाऊ वेगळा, प्लास्टिक वेगळं, बाटल्या वेगळ्या. पालिकेची ठरावीक, आरपार दिसणारी पिशवी. ठरावीक दिवशी, सकाळीच, ठरावीक कोपऱ्यावर, कावळ्यांसाठी अंथरलेल्या जाळीखाली ठेवायची. जाळी घालणं आणि मागून कोपरा झाडणं ही घरोघरची पाळी. मी इथे आले तेव्हा मला वाटलं होतं, जपान म्हणजे यंत्रमानव आणि बुलेट ट्रेन. आणि माझी परीक्षा घेतली ती कावळ्यांनी.

पाळीच्या सकाळी मी पाहायचे. आधी मोरिता-सान यायचे, पिशवी ठेवून, मान लववून जायचे. मग थोडं अंतर ठेवून लोखंडी जिना वाजायचा आणि हॉबले-सान यायचे. दोघांच्या पिशव्या अर्ध्यामुर्ध्या. एकीत चहाचा चोथा आणि माशाचा काटा, दुसरीत चहाचा चोथा आणि माशाचा काटा. एका चुलीवर शिजलेलं दोन पिशव्यांत वाटून आलेलं. गल्लीला हे दिसत नव्हतं असं नाही. सगळ्यांना दिसायचं, म्हणून सगळे दुसरीकडे बघायचे. ह्या बाबतीत जपानी माणूस आणि आपल्या घरांतली लग्नकार्यं सारखीच. मांडवात सगळ्यांना सगळं ठाऊक असतं आणि सगळे जिलबीबद्दल बोलत असतात.

त्या वर्षी उन्हाळ्यात मोरिता-सानांची आई गेली. आणि शरदात, घटस्थापनेच्या सुमाराला, जाळीची पंधरा दिवसांची पाळी माझ्याकडे आली. झाड नुकतं फुललं होतं. शुक्रवारची सकाळ, वस्ती मंडळाचे प्रमुख ओनो-सान मला जाळीचे कोपरे कसे दुमडायचे ते तिसऱ्यांदा दाखवत होते. मोरिता-सान आले, पिशवी ठेवली. तेवढ्यात हॉबले-सानही आले. त्या दिवशी अंतर कसं कोण जाणे कमी पडलं. दोन लोंबत्या, अर्ध्या पिशव्या माझ्या पायाशी.

आता मी पडले काटकसरी घरातली. आमच्याकडे दुधाची पिशवीसुद्धा धुऊन खिळ्याला लावत. ओनो-सानांसमोर माझं अस्खलित जपानीही दाखवायचं होतं. मी चांगल्या मोकळ्या आवाजात म्हणाले, "अहो, तुम्ही दोघं एकाच घरात राहता ना? मग दोन अर्ध्या पिशव्या कशाला? एकीतच घाला की! एक पिशवी वाचेल!"

ओनो-सान तारेवरच्या कावळ्याकडे बघू लागले. मोरिता-सान स्वतःच्या चपलांकडे. आणि हॉबले-सान, पोलिसांच्या गाडीत बसून गाणी म्हटलेला माणूस, त्यांची मान कॉलरपासून वर लाल होत गेली, थर्मामीटरमधला पारा चढावा तशी. त्या घटकेला मला कळलं मी काय बोलले ते.

शेवटी ओनो-सान म्हणाले, "किनमोकुसेई यंदा छान फुललाय, नाही?"

"हो, छान," मोरिता-सान म्हणाले.

"फारच छान," हॉबले-सान म्हणाले.

मीही म्हणाले, छान. चौघांनी मिळून त्या झाडाची इतकी तारीफ केली, की झाडालाही लाज वाटली असेल.

रात्री जेवताना मी हे घरात सांगितलं. ह्यांचा घास हातात राहिला. "तू हे गल्लीत बोललीस? मोठ्यानं?" सानिकानं चॉपस्टिक खाली ठेवल्या. (वरणभात ती चॉपस्टिकनं खाते, कशी, ते विचारू नका.) तिनं जपानीत एकच शब्द टाकला, "सायतेई." म्हणजे ह्याहून खालची पायरी नाही. भाषांतर करून सांगायची गरज नव्हती.

शनिवारी वर्ग संपल्यावर मी मागे रेंगाळले. हॉबले-सान सभागृहाच्या मोरीत सगळ्यांचे कप विसळत होते. मी बेसनाचे लाडू पुढे केले. आपल्याकडे माफी मागायची ही रीत, तोंड उघडण्याआधी डबा उघडायचा. "हॉबले-सान, काल मी जे बोलले त्याची मला फार..."

"तुम्हाला कशाला शरम?" ते म्हणाले. "तुम्ही पिशवीबद्दल बोललात. वाक्य सरळ होतं, एकही विशेषण नव्हतं. शरम मला वाटली."

मग कप विसळता विसळताच त्यांनी सांगितलं. मोरिता तरुणपणी लंडनला शिकायला आला होता. तेव्हापासूनचे ते दोघे. पुढे मोरिताच्या वडिलांचं निधन झालं. एकुलता मुलगा, आई एकटी, तो परतला. काही वर्षं पत्रांवर काढली, मग हे मागोमाग आले. एका वर्षासाठी, माडीवर, भाडेकरू म्हणून. आईला एकदम कसं सांगायचं, थोडं थांबू, असं म्हणत त्या एका वर्षाची वीसएक वर्षं झाली. म्हातारी त्यांना 'निकाइ-सान' म्हणायची, म्हणजे माडीवाले. सणावारी वर ताट पाठवायची. मरतेवेळी तिनं मोरिताचा हात धरला होता, आणि हे दाराबाहेर तिच्या चपला सरळ लावत बसले होते.

"तिच्या दिवसांच्या विधीला आत नातेवाईक बसले. मी दारात लोकांच्या छत्र्या घेत होतो," ते म्हणाले. "मोरिताची बहीण नागोयाला असते. सज्जन बाई आहे. तिनं मला मिठाईचा सुंदर खोका दिला. भाडेकरू असून आईचं फार केलंत म्हणाली. आणि फार नम्रपणे सांगितलं, की घर आता विकायचंय, वर्षअखेरपर्यंत दुसरी जागा पाहाल का."

"आणि मोरिता-सान?"

"मोरिता काही बोलला नाही. मीही काही बोललो नाही." त्यांनी एक कप उलटा ठेवला. "मी. ज्यानं पार्लमेंटच्या दारात उभं राहून घसा बसवला, तो. मला त्या बाईंनी खोका दिला आणि मी वाकून आभार मानले, जगताप-सान."

मला राहवेना. "मग सांगून टाका ना तिला! एक वाक्याचं तर काम आहे!"

"ते वाक्य माझं नाही. बहीण त्याची आहे, आई त्याची होती. फलक माणसानं स्वतःच्या नावाचा धरावा. दुसऱ्याच्या नावाचा धरला, की ती त्याची चहाडी होते." लाडू त्यांनी एक खाल्ला, दुसरा रुमालात बांधला. तो कुणासाठी ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. शहाणपण मला येतं, पण नेहमी चोवीस तास उशिरानं.

दुसऱ्या दिवशी रविवारी आमच्या मंडळाचा भोंडला होता. 'या ना दोघंही,' असं मी म्हटलं होतं. पापाला उतारा म्हणून. ग्योतोकुतल्या आमच्या बागेत लहान मुलांसाठी सिमेंटचा हत्ती आहे, सोंडेची घसरगुंडी असलेला. पाटावर हत्ती काढून फेर धरणाऱ्या आपल्या आज्यांना हा दिसला असता, तर त्या कृतार्थ झाल्या असत्या. त्याच्या गळ्यात झेंडूचा प्लास्टिकचा हार, भोवती आमचा फेर. साड्यांखाली धावण्याचे बूट. गाण्याचे शब्द अडले की मोबाइल. एदोगावाहून, तोयोसुहून बायका आल्या होत्या. पोरी मराठी गाणी जपानी उच्चारांत म्हणत होत्या आणि जपानी आजोबा कुत्री धरून थांबून बघत होते.

दोघं आले. हॉबले-सानांनी तो अंड्याचा कोट घातला होता. डाग आता ओळखू येत नाही, त्यांना कुठे आहे ते माहीत आहे म्हणून दाखवतात. मोरिता-सानांच्या हातात कापडात बांधलेला डबा. खिरापत आणायची असते हे मी सांगितलं होतं.

केतकी पुढे आली. केतकी आमच्या मंडळाची कर्ती. तिच्या एका निरोपानं माणूस मंडळात येतो आणि एका मौनानं बाहेर जातो. दोघांकडे बघून तिनं मला मराठीत विचारलं, "काकू, हे कोण गं? तुझे ते सर का? आणि हे दुसरे?"

अवघा एक शब्द हवा होता. तो शोधायला वेळही फारसा नव्हता, आणि खरं सांगायचं तर मी शोधलाही नाही. "हो, आमचे सर," मी म्हणाले. "आणि हे त्यांचे घरमालक. फार सज्जन, शांत, सालस, धार्मिक गृहस्थ आहेत."

केतकीनं लगेच इंग्रजीत स्वागत केलं, "वा! घरमालकांनाच घेऊन आलात!"

हॉबले-सानांनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग हसून म्हणाले, "हो. फार सोसतात ते मला." मी सोडलेलं वाक्य त्यांनी अलगद झेललं, मला पडू दिलं नाही. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

सानिका माझ्या मागेच उभी होती. आईशी मराठी बोलायचं तिनं केव्हाच सोडलंय, पण त्या वेळी ती माझ्या कानाशी मराठीत, तुटक तुटक, म्हणाली, "आई. हे वाक्य कुणाला घाबरून?"

चार विशेषणं. मोजायची गरज नव्हती, माझ्या कानांनी मोजली होती. आणि उत्तरही मला माहीत होतं. 'त्यांचं गुपित मी राखलं' असं म्हणायची सोय होती. मी थोडा वेळ तसं म्हणूनही पाहिलं. पण मला दिसत होता केतकीचा चेहरा, आणि तो चेहरा बदलला असता तर भोंडल्यात माझी जागा कुठे राहिली असती तो हिशेब. माडीवाल्यांचं घर जायला निघालं होतं, आणि मी फेरातली जागा धरून बसले होते.

खिरापत ओळखायची वेळ आली. एकेकीनं डबा वाजवायचा आणि बाकीच्यांनी ओरडायचं, करंज्या! चिवडा! वड्या! मोरिता-सानांचा डबा मात्र वाजेचना. केतकीनं तो कानाशी नेऊन हलवला, उलटा करायला निघाली. "रिकामा आहे की काय?" बायका हसल्या. पंधरा नावं झाली. मोरिता-सान मध्ये उभे, कानाच्या पाळ्या लाल. शेवटी सानिकानं डब्याला नाक लावलं. "रताळं!"

साखरेच्या पाकात घोळलेली रताळी, वर काळे तीळ. पाक घट्ट, म्हणून आवाज नव्हता. उपासवाल्या बायकांनी आनंदानं आरोळी ठोकली, "अगं, उपासाला चालतं!" त्या पाकात चमचाभर सोया सॉस असतो. ते मी कुणाला सांगितलं नाही. त्या दिवशी मी बरंच काही सांगत नव्हते.

"तुम्ही केलीत?" केतकीनं मोरिता-सानांना जपानीत विचारलं.

मोरिता-सानांनी डब्याच्या कापडाची घडी घातली. मग म्हणाले, "सोलली मी. पाक त्यानं केला. घरी नेहमी असंच करतो."

एवढंच. फेरात ते कुणी धड ऐकलंही नाही. रताळी संपायला आली होती. मी ऐकलं. हॉबले-सानांनीही ऐकलं असावं, कारण ते सिमेंटच्या हत्तीकडे तोंड करून बराच वेळ उभे होते.

मंगळवारी सकाळी मी जाळी घालायला उतरले. वास तोच होता, पण आता खालून येत होता; रात्री वारा सुटला होता आणि झाडाखाली सडा पडला होता. मोरिता-सानांच्या दारात एक बाई उभ्या होत्या. नागोयाच्या बहीण. घर दाखवायला दलाल यायचा होता म्हणून त्या आदल्या संध्याकाळी आल्या होत्या. त्या जाळीपाशी आल्या, नीट वाकल्या, आणि मला म्हणाल्या, "तुम्ही शेजारच्या ना? वरचे ते परदेशी गृहस्थ तुमच्या ओळखीचे आहेत म्हणे. त्यांना जागा मिळाली का हो? मला फार संकोच वाटतो विचारायला."

पुन्हा माझ्याकडेच. एकदा नको ते बोलून झालं होतं, एकदा हवं ते न बोलून झालं होतं. आता तिसरी कुठली चूक उरली होती कोण जाणे. मी फक्त म्हणाले, "ते तुम्ही तुमच्या भावालाच विचारा." आणि जाळीचा एक कोपरा, जो नीटच होता, पुन्हा दुमडायला घेतला. ओनो-सान त्यांची पिशवी घेऊन आले होते. कावळाही होता.

दार उघडलं. मोरिता-सान बाहेर आले, आणि त्यांच्या मागून, त्याच दारातून, हॉबले-सान. लोखंडी जिना वाजला नाही. मोरिता-सानांच्या हातात एकच पिशवी होती. फुगलेली, गच्च, वरून गाठ बसेना अशी. हॉबले-सानांचे हात रिकामे. इतक्या वर्षांची सवय. त्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं, कोटाच्या खिशात घालावेत की मागे बांधावेत.

बहीण म्हणाली, "दादा, एवढा कचरा? तू एकटा तर..."

"उचि नो," मोरिता-सान म्हणाले. आमच्या घरचा. मग एकदा घसा साफ करून, पूर्ण वाक्य केलं. "आम्हा दोघांच्या घरचा. आधीपासून दोघांचंच आहे, योशिको. आईला मी सांगू शकलो नाही. तुला सांगतोय."

आणि पिशवी जाळीखाली ठेवून ते वाकले. बहिणीपुढे, कमरेतून, बराच वेळ. मागे हॉबले-सानही वाकले.

ओनो-सानांनी किनमोकुसेईबद्दल बोलायला तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी ते मिटलं. आयुष्यात बजावलेली माझी तेवढीच देशसेवा.

योशिको-सान पिशवीकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा कसा होता ते मला सांगता येणार नाही. मी जाळीकडे बघत होते. मग त्या वाकल्या, ती न बसलेली गाठ सोडली, आतली हवा दाबून काढली, आणि पुन्हा घट्ट मारली. "अशी गाठ आईनं घराबाहेर जाऊ दिली नसती," त्या म्हणाल्या. आवाज नीट नव्हता. त्या आत गेल्या. दलालाला त्या दिवशी दारातूनच परत पाठवल्याचं ओनो-सानांनी मला नंतर सांगितलं, किनमोकुसेईबद्दल बोलता बोलता.

सगळं त्या गाठीसरशी सुरळीत झालं असं नाही. योशिको-सान त्या वर्षी नव्या वर्षाला आल्या नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात, आईच्या वर्षाच्या विधीला आल्या, आणि हॉबले-सानांना आत, मोरिता-सानांच्या शेजारी, बसायला आसन टाकलं. छत्र्या घ्यायला दारात मी होते. घर अजून आहे.

हॉबले-सानांना मी नंतर एकदा, वर्ग संपल्यावर, म्हणाले, "जिंकलात की!" त्यांनी मान हलवली. "आयुष्यभर फलक मी धरले, जगताप-सान. आणि पिशवी उचलली त्यानं. मी मागे रिकाम्या हातांनी उभा होतो." ते हसत होते, पण मान कॉलरपासून वर लाल होत गेली. मला त्या लाल रंगाची ओळख होती. तो आमचा दोघांचा झाला होता.

आणि ह्या वर्षी पुन्हा तो वास. सानिका शिकायला क्योतोला गेलीय. फोनवर 'हं' म्हणते, त्यातलं जपानी 'हं' कुठलं आणि मराठी कुठलं ते मी ओळखते. हॉबले-सानांचे गुडघे गेले, लोखंडी जिन्यावर आता नुसत्या कुंड्या आहेत. जाळीची पाळी फिरत फिरत पुन्हा माझ्याकडे आलीय, आणि मदतीला पुण्याहून नवीन आलेली मुलगी, मुक्ता. नवरा तोयोसुला, हिला जपानी शून्य, कावळ्यांची भीती. आज सकाळी मी तिला जाळीचे कोपरे दाखवत होते, ओनो-सानांच्याच थाटात.

दोघं आले. पिशवी मोरिता-सानांच्या हातात, काठी हॉबले-सानांच्या. पिशवी ठेवून मोरिता-सान झाडाखालचा सडा बघायला गेले. मुक्तानं हलकेच विचारलं, "काकू, हे कोण? आणि ते दुसरे?"

तोच प्रश्न, तेच मराठी, तोच वास. हॉबले-सान काठीवर हात ठेवून थांबले होते. मराठी त्यांना कळत नाही, पण कुणाचं वाक्य अडलंय ते कळतं. वर्गात अडलेल्याच्या वाक्याची वाट बघतात तसे ते थांबले. मला पुन्हा चार सोयीचे शब्द सुचले. एकेक बाजूला ठेवला.

"हे हॉबले-सान," मी म्हणाले. "आणि ते मोरिता-सान. ह्यांच्या घरचे."

आपल्याकडे बाई नवऱ्याला 'आमच्या घरचे' म्हणते. मुक्तानं झाडाकडे पाहिलं, हॉबले-सानांकडे पाहिलं. "अच्छा," ती म्हणाली, आणि जाळीचं दुसरं टोक उचललं.

"काय सांगितलंत तिला?" हॉबले-सानांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ते जिभेवर घोळवून पाहिलं. "आणि कुणाला घाबरून?"

"कुणालाच नाही," मी म्हणाले.

कान मात्र तापलेच होते. त्यांनी ते पाहिलं, आणि काही दुरुस्ती केली नाही.